हेडमाळी मामांची चिमटी

मामांकडं मोजमापाचं एकही साधन नव्हतं. वजनकाटा नव्हता, मापाचा डबा नव्हता, टेप तर त्यांनी शिंप्याच्या गळ्यात सोडून दुसरीकडं कुठं बघितली नसावी. जे काही मोजायचं ते उजव्या हातानं. दोन रोपांतलं अंतर एक वीत, खड्डा कोपरापर्यंत, शेणखत ओंजळभर आणि पोत्यातलं खत पाची बोटांच्या चिमटीनं. यातला 'पाची' हा आकडा जरा सांभाळून घ्यायचा, कारण मामांची तर्जनी अर्धीच होती. नोकरीला लागले त्याच वर्षी गवत कापायच्या यंत्रानं पुढचं अर्धं बोट नेलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "लॉनला दिलं. त्या वर्षी लॉन बी लई हिरवं आलतं."

मामा म्हणजे माझे सासरे. मूळचे येळ्ळूरचे. बेळगावातल्या एका मोठ्या कॉलेजात तेहतीस वर्षं बागेत काढली, त्यातली शेवटची अठरा हेडमाळी म्हणून. गावात त्यांना अण्णा म्हणत, माझी बायको सुनंदा आप्पा म्हणायची, पण त्यांना मनापासून आवडायचं ते 'हेडमाळी'. आमच्या लग्नपत्रिकेत त्यांच्या नावापुढं तो हुद्दा एवढ्या ठळक अक्षरात छापला होता, की माझ्या एका चुलत्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "लगीन नक्की तुझंच हाय न्हवं?"

मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला पगार विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही. माझा हात हातात घेतला, उलटा केला आणि नखं बघितली. "मातीत हात घातलाय काय कधी?" मी बँकेत कारकून. नखं स्वच्छ ठेवणं हाच माझा आजवरचा पराक्रम. पण मुलगी पसंत पडली होती, म्हणून म्हटलं, "घालतो की, अधूनमधून." मामा म्हणाले, "मग अधूनमधूनची माती गेली कुठं?" आपण नापास झालो असं समजून मी निदान पोहे तरी पोटभर खाऊन घेतले. निघताना ते माझ्या वडिलांना म्हणाले, "पोरगं खोटं बोलताना लाल होतंय. चालंल."

कॉलेजच्या बागेत त्यांच्या हाताखाली सात माळी होते. पाणी, खुरपणी, छाटणी सगळं त्यांच्यात वाटून दिलेलं. फक्त खत मामा स्वतः घालायचे, साधे माळी होते तेव्हापासून. पोत्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला खपत नसे. "पाणी जास्त झालं तर झाड रुसतंय," म्हणायचे, "खत जास्त झालं तर बोलतच न्हाय." तेहतीस वर्षांत त्या बागेतल्या एकेका झाडाला जे मिळालं ते त्यांच्याच चिमटीनं. ही गोष्ट पुढं आम्हाला केवढ्याला पडणार आहे, याची तेव्हा कुणालाच कल्पना नव्हती.

निवृत्त झाल्यावर पंचाईत झाली. येळ्ळूरच्या घरामागचं परडं त्यांनी चार महिन्यांत इतकं नीटनेटकं केलं, की त्यात करायला काही उरलं नाही. मग ते न विचारता शेजाऱ्यांच्या परड्यात जाऊ लागले. एका शेजाऱ्याची जास्वंद त्यांनी तो लग्नाला परगावी गेलेला असताना छाटली. सासूबाई मला म्हणाल्या, "जावईबापू, ह्यांना कुठंतरी लावून टाका. घरात ठेवायजोगं ऱ्हायलं न्हाईत हे."

लावायची वेळ आली नाही, ते आपोआपच रुजले. त्या वर्षीच्या फुलांच्या प्रदर्शनात रेडिओ केंद्रावरची एक निवेदिका माइक घेऊन फिरत होती. तिनं मामांना विचारलं, "काका, प्रदर्शन कसं वाटलं?" तिला अर्ध्या मिनिटाचं उत्तर हवं होतं. मामा म्हणाले, "आधी पाय उचला. शेवंतीच्या वाफ्यात हाय." तिनं पाय उचलला आणि मामा अठरा मिनिटं बोलले. कुठल्या कुंडीला आज सकाळी घाईघाईनं पाणी घातलंय, कुठलं बक्षीस झाडाला मिळालंय आणि कुठलं कुंडीच्या रंगाला, सगळं सांगून टाकलं. ते केंद्राच्या साहेबांनी ऐकलं असावं. पंधरा दिवसांत मामांना बोलावणं आलं. दर रविवारी सकाळी साडेदहाला, अर्धा तास, 'परड्यातल्या गप्पा'. ऐकणाऱ्यांनी थेट फोन करायचा, हेडमाळ्यांनी उत्तर द्यायचं.

पहिल्या रविवारी आम्ही सगळे रेडिओभोवती बसलो. निवेदिकेनं ओळख करून दिली आणि मामांचा आवाजच येईना. नुसता श्वास येत होता. नंतर म्हणाले, "त्या माइकला तोंड न्हाय, पान न्हाय. बोलायचं कुणाशी?" दुसऱ्या रविवारी ते मोगऱ्याची कुंडी काखेत मारून सिटी बसनं गेले. कंडक्टरनं कुंडीवरनं हुज्जत घातली, तर त्याला मोगऱ्याच्या छाटणीचा महिना सांगून गप्प केलं. कुंडी माइकपुढं ठेवली आणि तिच्याशी बोलायला लागले. त्या दिवसापासून मामांना थांबवायचं कसं, एवढाच प्रश्न केंद्राला उरला.

फोन करणाऱ्यांची ते गय करत नसत. एकीनं विचारलं, "गुलाबाला कळीच येत नाही हो." मामा म्हणाले, "दिवसातनं कितीदा बघताय?" "सारखी बघते." "बघू न्हका. कुणी सारखं बघत बसलं तर तुम्हाला तरी काम सुचंल काय?" कुणी कन्नडात विचारलं तर कन्नडात उत्तर, मराठीत विचारलं तर मराठीत. एकानं तक्रार केली, की हा कार्यक्रम नेमका कुठल्या भाषेतला ते एकदा ठरवा. मामा म्हणाले, "तुम्ही पाणी जरा कमी घाला. जास्त झालं की झाड दोन्ही भाषांत मरतंय."

एकदा कुणीतरी विचारलं, झेंडू कुठं लावावा. मामा म्हणाले, "झेंडू म्हणजे आमचे जावईबापू. कुठंबी लावा, कसंबी ठेवा, खुशीत असतंय. वास तेवढा जवळ जाऊन घेऊ न्हका." सोमवारी मी बँकेत खिडकीवर बसलो, तर रांगेतले पहिले गृहस्थ पासबुक सरकवत म्हणाले, "काय झेंडू, बरं हाय न्हवं?" बढतीनं मला जे नाव मिळालं नाही ते मामांनी अर्ध्या मिनिटात मिळवून दिलं.

मामा घाबरायचे ते एकाच फोनला. सदलग्याच्या बाई. शाळेतनं मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, मोबाइलवर रेडिओ लावून वही-पेन घेऊन बसणाऱ्या. त्यांचा प्रश्न म्हणजे तोंडी परीक्षा. "हेडमाळी, मागच्या रविवारी तुम्ही म्हणालात शेणखत कुजलेलं हवं. कुजलं हे ओळखायचं कसं? वास सांगा, रंग सांगा." निवेदिका सांगायची, बाईंचा फोन लागला की मामा खुर्चीत सरळ होऊन बसतात. या बाईंच्या दारात कुंडीत एक गुलाब होता. निपाणीला त्यांच्या माहेरी वडिलांनी लावलेलं एक झाड होतं, काळपट लाल, वासाचं. त्याचंच हे कलम. दिवाळीनंतर त्याचं पहिलं फूल वडिलांच्या फोटोला जायचं, हे त्यांनी एकदा बोलता बोलता सांगितलं होतं.

त्या वर्षी दसऱ्यानंतर मामांनी गुलाबाची छाटणी सांगितली आणि शेवटी म्हणाले, "आता कुंडीतल्या गुलाबाला पाची बोटांच्या दोन चिमट्या युरिया. कडेकडेनं. वरनं पाणी."

पुढच्या रविवारी तीन फोन आले. पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्यात. मामा म्हणाले, पाणी कमी पडलं असंल. त्याच्या पुढच्या रविवारी फोन थांबेनात. शेवटचा बाईंचा. "हेडमाळी, माझ्या गुलाबाची सगळी पानं गळली. तुम्ही सांगितलं तसंच केलं मी. पाची बोटं, दोन चिमट्या, वर दोन तांबे पाणी. वहीत लिहिलेलं आहे." निवेदिकेनं गाणं लावलं.

केंद्रावरनं ते तडक आमच्या घरी आले. जेवायला बसले नाहीत. स्वयंपाकघरात उभं राहून सुनंदाला म्हणाले, "मीठ आण गं." ताटात त्यांनी एक चिमटी मीठ ठेवलं. "आता तू ठेव." तिनं शेजारी ठेवलं. "जावईबापू, तुम्ही." मीही ठेवलं. तीन ढीग. मामांच्या ढिगाच्या दुप्पट सुनंदाचा आणि तिच्याहून थोरला माझा. मामांनी आपलं अर्धं बोट माझ्या ढिगाशेजारी धरलं.

"तेहतीस वर्षं खत मीच घातलं गं," ते म्हणाले. "दुसऱ्याला घालू दिलंच न्हाय. मला कळणार कसं?"

"आप्पा, तुमचं बोट लोकांना थोडंच दिसतंय रेडिओवर?"

"त्येच की. आन् मला वाटलं मी समद्यांस्नी दाखवूनच सांगाय लागलोय."

केंद्राच्या साहेबांचं मत पडलं, की पुढच्या रविवारी पालेभाजीवर बोलावं, लोक विसरून जातात. मी बँकेतला माणूस, मला ते पटलं. मामांना पटलं नाही. रविवारी ते माइकवर म्हणाले, "माझं एक बोट अर्धं हाय. ते मी तुम्हाला सांगितलं न्हाय, ही माझी चूक. माझ्या दोन चिमट्या म्हणजे तुमची एकच. तुमची झाडं माझ्यामुळं भाजली. आता वरची माती दोन बोटं खरवडून टाका आन् तीन दिवस कुंडीच्या बुडातनं वाहीपर्यंत पाणी घाला. ज्यांचं झाड तरीबी गेलं त्यांनी पत्ता सांगा. मी येतो."

मी येतो म्हणजे माझ्या स्कूटरवरनं येतो, हे मला रेडिओवरच कळलं. मग काय, पुढचे चार-पाच आठवडे सुट्टीच्या दिवशी मी पुढं, मामा मागं, मध्ये रोपांची पिशवी. येळ्ळूरात एकानं दारातच गाठलं, "अण्णा, हातानं काम करत होतासा तवर झाडं जगत होती. तोंडानं कराय लागलासा आन् मराय लागली." मामा म्हणाले, "खरं हाय. कुंडी दाखव." निपाणीत एका घरात चहा-फराळ करून वर परसातला आंबाही तपासून घेतला. तिथल्या आजींनी माझ्याकडं बोट करून विचारलं, "झेंडू म्हणत्यात त्यो ह्योच काय?" बहुतेक झाडं वाचली. चार गेली, तिथं मामांनी नवी लावली.

सदलगा मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. बाईंनी बसा म्हटलं नाही, सरळ कुंडीपाशी नेलं. नुसत्या काटक्या. मामा उकिडवे बसले, नखानं साल खरवडून बघितली. वर सगळं तपकिरी. अगदी बुडाशी कुठं थोडं हिरवं.

"बाई, तीन आठवडे द्या. तुमचा गुलाब फुटला तर मी रेडिओवर बोलीन. न्हाय फुटला तर बोलणं बंद."

"मी असलं काही मागितलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"तुम्ही न्हाय. मीच मागाय लागलोय."

पुढचे रविवार केंद्रानं गाण्यांवर काढले. मामा येळ्ळूरात साडेदहाला परड्यात जाऊन बसायचे आणि अकराला घरात यायचे. मध्ये काही करत नसत. सासूबाई सुनंदाला फोनवर म्हणाल्या, "बडबडत होते तवा डोकं उठायचं. आता गप बसल्यात तर जीव घाबरा व्हायलाय."

अठराव्या दिवशी बाईंचा मला फोन आला. "हेडमाळ्यांना सांगा, फुटलं. चांगला वीतभर कोंब आहे." मी बँकेतनं पेढे घेऊनच येळ्ळूर गाठलं. सासूबाईंनी पहिला पेढा देवापुढं ठेवला. मामांनी पेढा हातात घेतला आणि विचारलं, "गाठीच्या वरनं फुटलंय का खालनं?"

"फुटलं म्हणाल्या. वरनं काय, खालनं काय."

"कलमाला खाली रानटी खुंट असतोय, जावईबापू. त्याच्यावर गाठीला गुलाब जोडलेला. खालनं फुटलं आसंल तर तो खुंट हाय. बाईंचा गुलाब न्हाय."

आता खरं सांगतो. मी म्हटलं, "मामा, बाईंना काय कळणार आहे? रविवारपास्नं बोलायला लागा. पुढचं पुढं बघू." सुनंदाही हो म्हणाली. त्यांना परत माइकपुढं बघायची आम्हा दोघांनाही घाई झाली होती. मामांनी पेढा ताटात परत ठेवला आणि खुंटीवरचं हेल्मेट काढलं.

बाईंनी कुंडी ओसरीवर आणून ठेवली होती. मामांनी बुडाची माती हळूहळू बाजूला केली. कोंब जोमदार होता, लालसर, तुकतुकीत. मलाही दिसलं, तो गाठीच्या दोन बोटं खालून आला होता.

"हा खुंट हाय, बाई. तुमचा गुलाब गेला."

बाईंनी वाकून गाठ बघितली. मग म्हणाल्या, "हे मला कधी कळलं असतं?"

"फुलं आल्यावर. बारकी, फिकी येतील. वरीसभरानं."

"तोवर तुम्ही रेडिओवर बोलत राहिला असता."

"व्हय."

बाई आत गेल्या. मला वाटलं, आता दार लागणार. त्या चहा घेऊन आल्या. "निपाणीला भावाच्या दारात माझ्या वडिलांनी लावलेलं झाड अजून आहे. त्याच्या काडीवरचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, सालीसकट काढून या खुंटावर भरता येतो ना?"

"येतो की. कोंब पेन्सिलीएवढा जाड होऊ दे, दोन महिन्यांत मी येऊन भरतो."

"तुम्ही नाही. तुम्ही रेडिओवरनं सांगायचं, मी ऐकून भरणार. आणि हे दोन महिने कोंब कसा वाढवायचा, तेही दर रविवारी सांगायचं."

"बाई, मी बंद म्हणून बोललो होतो. गुलाब न्हाय फुटला."

"हेडमाळी, शाळेत ज्याचं गणित चुकलं त्यालाच मी फळ्यापाशी बोलवत होते. दुसऱ्याला नाही. चहा घ्या, गार होईल."

मामा त्यानंतर सहा वर्षं बोलले. गेल्याला आता तीन वर्षं होतील. येळ्ळूरातच, परड्यात खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. मातीला आलेल्यांत निम्मी माणसं अशी होती की त्यांनी मामांना कधी बघितलंच नव्हतं, आवाज तेवढा घरचा. खानापूरकडच्या एका बाईंनी मला विचारलं, "हेडमाळी एवढेच होते का? मला वाटायचं, चांगले उंचेपुरे असतील." रडता रडता आम्ही सगळे हसलो. पण मला मामा आठवतात ते त्या दिवशीचे नव्हेत, डोळा भरायच्या रविवारचे.

त्या सकाळी मी निपाणीहून मूळ झाडाची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून सदलग्याला पोचलो. बाई पदर खोचून, चष्मा लावून कुंडीपुढं पाटावर बसल्या. शेजारी धार लावलेला चाकू, बांधायला पट्टी. एका मोबाइलवर रेडिओ, दुसऱ्यावर केंद्राचा फोन जोडलेला, तो माझ्या हातात.

"नमस्कार. हेडमाळी बोलतोय. सदलग्याच्या बाईंचा गुलाब माझ्या सांगण्यानं गेला. आज त्यो परत बसवायचाय. आणखी कुणाकडं खुंट तयार आसंल तर त्यांनी बी बसा. बाई, चाकू घ्या."

बाईंनी चाकू घेतला.

"खुंटाच्या सालीला एक आडवी चीर. तिच्या मधनं खाली एक उभी, काडेपेटीच्या काडीच्या निम्मी. आत लाकडाला लागू देऊ न्हका." मामा सांगत गेले, बाई करत गेल्या. काडीवरचा डोळा सालीसकट अलगद उचलला, चिरेत सरकवला.

"झालं, मामा," मी फोनवर म्हटलं.

"तुम्ही सांगू न्हका, जावईबापू. बाईंना सांगू द्या." हे सगळ्या मुलखानं ऐकलं.

बाईंनी दातात धरलेली पट्टी काढली. "झालं. डोळा वर बघतोय."

"मग बांधा. डोळा तेवढा उघडा ठेवा."

बाईंनी बांधलं आणि वहीकडं हात नेला. "हेडमाळी, खत?"

मग मामा म्हणाले, "दोन महिन्यांनी. चहाचा अर्धा चमचा. पण चमचा घराघरांत निराळा असतोय, बाई. तुमचा जावईबापूंच्या हाती पाठवून द्या, मी बघतो."

मी तो चमचा शर्टाच्या खिशात घालून सदलग्याहून बेळगावला आणला. मामांनी तो उजेडात धरून बघितला, त्यात मीठ भरून ताटात ओतलं, ढीग बघितला.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "आता परत नेऊन द्या."

तीन आठवड्यांनी मी तो परत नेला, मामाही मागं बसून आले. तोवर डोळा खुंटाला धरला होता, हिरवागार.